टेस्केचा काळा रस्ता

—आठ? आठ डबे म्हणालात? नाही, नाही, आहेत की माझ्याकडे, मागं शेडमध्ये बारा पडलेत, आठ काय बाराही नेलेत तरी माझी जागाच मोकळी होईल — पण थांबा जरा, आधी कॉफी घ्या, सकाळपासून तापतेय म्हणून थोडी करपट लागेल, पण फुकट आहे आणि गरम आहे, एवढ्या दोन गोष्टींवर या गावात दुकान चालतं. घ्या. आता मला सांगा, आज तारीख काय? अकरा ऑक्टोबर. मग अकरा ऑक्टोबरला मी तुम्हाला ड्राइव्हवेवर, गॅरेजपर्यंतच्या त्या डांबरी रस्त्यावर, मारायचं सीलर विकतो का? नाही विकत. हसा, हसा — अख्ख्या काउंटीत स्वतःचा माल नको घेऊ म्हणणारा दुकानदार तुम्हाला दुसरा नाही सापडणार. माझी बायको म्हणायची, नॉर्बर्ट वान्टा, तू गिऱ्हाईक दारातून हाकलतोस आणि मग ते चार वर्षांनी परत आलं की माझ्याकडे बघून मिशीत हसतोस. तसंच आहे ते. कारण हा काळा लेप बसायला पारा दिवसाही पन्नासच्या वर लागतो आणि रात्रीही. आज दुपारी छप्पन्न आहे, कबूल. पण रात्री? पस्तीस. बत्तीसला पाणी गोठतं हो. तो वाळत नाही, नुसता पडून राहतो, वरून साय धरतो आणि खाली ओला तो ओलाच.

लाव्हर्न गोर्स्की माहीत आहे? नसेल, तुम्ही नवे दिसता. या लाव्हर्नला मी सांगितलं, बाबा, आता उन्हाळ्यात ये. तो गेला मोठ्या गावातल्या मोठ्या दुकानात, आणले डबे, वीस ऑक्टोबरला सगळा ड्राइव्हवे काळा कुळकुळीत करून बसला. अकरा दिवसांनी हॅलोवीन. अख्ख्या आळीची पोरं भुतं-चेटकिणी होऊन त्याच्या दारात चॉकलेट मागायला — आणि तिथून पुढच्या घरी, त्याच्या पुढच्या घरी — दुसऱ्या दिवशी सकाळी बघाल तर सोळा घरांच्या गालिच्यांवर लहान लहान काळी पावलं, आणि सगळी पावलं उलट मोजत गेलं की लाव्हर्नच्या दारात. त्याची बायको पाद्रीबाबांच्या घरी गुडघ्यावर बसून गालिचा घासत होती. म्हणून म्हणतो, जूनमध्ये या. जूनमध्ये मी स्वतः गाडीत चढवून देईन.

बरं, तुमच्या ड्राइव्हवेचा रंग कसा आहे? भुरका? हात फिरवला तर खडी हाताला येते का? येत नाही. पाणी ओतून बघितलंत? तेवढंच करा — एक तांब्याभर पाणी टाका आणि उभे राहा. थेंब थेंब होऊन वर बसलं तर सोडा त्याला, काही मागत नाही तो तुमच्याकडे. जिरून डाग पडला तर समजा तहानलाय, मग पुढच्या उन्हाळ्यात द्या एक हात. तीन वर्षांतून एकदा. फार तर दोन वर्षांतून. आमच्या लोकांना एक खोड आहे बघा — शेजाऱ्यानं मारलं की आपणही मारायचं, दर साली, घराला रंग नसला तरी चालेल पण ड्राइव्हवे काळा पाहिजे, रविवारी चर्चला जाताना सगळे गाडीतून बघत जातात ना! मग थरावर थर, थरावर थर, आणि एका मार्चमध्ये सगळं असं उकलतं, आटलेल्या तळ्याच्या बुडासारखं. लेप म्हणजे काय शेवटी? छत्री. वरचं पाणी अडवील. खालची जमीनच जर — असो. सांगायचं ते एवढंच की आठ डबे म्हणजे फार झाले. आठ कुणी सांगितले तुम्हाला? मापं काढलीत?

भिंत? कसली भिंत?

गॅरेजच्या भिंतीवर. हं. पेन्सिलीनं. "आठ डबे, नॉर्बकडून, ऑक्टोबर." आणि खाली सालं. किती सालं आहेत? अठरा... एकोणीस. हो, अक्षर त्याचंच असणार, चीज फॅक्टरीत वजनं लिहायचा ना तो, आकडे छापल्यासारखे काढायचा. म्हणजे तुम्ही टमारॅक रोडवर. टेस्केचं घर. ऑर्विल टेस्केचं घर तुम्ही घेतलंत तर! अहो, मग आधी सांगायचं नाही का? मिसेस कुठल्या तुमच्या? आणि पहिलंच घर? वा. वा वा. सगळी पुंजी घातली असेल. तशीच घालावी लागते, पहिल्या घराला. चांगलं घर आहे. छप्पर पंच्याण्णवला नवं केलंय त्यानं, खिळे माझ्याकडचेच. घर तापवायची भट्टीही चांगली. घर एकदम चांगलं आहे ते.

हो, हो — आत्ताच म्हणालो मी, ऑक्टोबरात विकत नाही. आणि भिंत म्हणते विकत होतो. एकोणीस वर्षं. आता काय करणार, ऑर्विल ऐकायचा नाही! हट्टी माणूस. तुम्ही ऐकणारे दिसता म्हणून तुम्हाला सांगितलं. पण... आता मी विचार करतोय. टमारॅक रोड म्हणजे दक्षिणेकडचा उतार. ऊन दिवसभर. तिथं जमीन अजून गरम असेल. आणि गुरुवारपर्यंत रेडिओवर पाऊस नाही सांगितलेला. असं करा, आठ घेऊनच जा. दहा घ्या, दोन माझ्याकडून. तुम्ही म्हणता तेही खरंच आहे, हिवाळ्याच्या आत झालेलं बरं, एकदा पाणी आत शिरून गोठलं की फुगतं, मग बोटाएवढी भेग मुठीएवढी होते. मी काय म्हणतो, तुम्ही कशाला पाठ मोडून घेता? रबरी वायपर आहे माझ्याकडे चार फुटी, उद्या सकाळी दव वाळलं की मीच येतो. मजुरी? छे, कसली मजुरी, नव्या माणसाचं स्वागत समजा. दुपारपर्यंत झालं. फक्त ती गोल भेग आधी रबर वितळवून भरून घ्यावी लागेल, तिथं नुसता लेप धरत नाही, दर वर्षी तिथंच —

काय?

तुम्हीच नाही का म्हणालात गोल? आत आल्या आल्या म्हणालात की, एक भेग आहे... नाही? नुसतं भेग म्हणालात? मग मी आपलं... भेगा गोलही असतात कधी कधी.

नसतात. बरोबर आहे. तुम्ही हुशार आहात. डांबराची भेग कडेनं जाते, सांध्यातून जाते, उभी जाते आडवी जाते, झाडाचं मूळ असेल तर वाकडी जाते. कंपासानं काढल्यासारखी गोल नाही जात.

बसा. नाही, उभे राहायचं तर उभे राहा. मला जरा बसू द्या. एक विचारू? मुलं आहेत? मुलगी. गॅरेजवर बास्केटची जाळी लावलीय ना तिनं — नाही, पाहिलं नाही मी, पण नव्या घरात मुलगी आली की बाप पहिल्या उन्हाळ्यात जाळी लावतोच इथं. तिचा चेंडू... तो सगळीकडे सारखाच वाजतो का? की एका जागी वेगळा वाजतो? म्हणजे कसा — सगळीकडे टप्, टप्, आणि मग एका ठिकाणी ढुम्. हां. बायको म्हणाली होती तुमची? म्हणाली की खाली काहीतरी पोकळ आहे? बायका ऐकतात असलं. आणि तुम्ही म्हणालात, जुना रस्ता आहे, वाजणारच. मीही ऑर्विलला असंच काहीबाही सांगायचो.

त्र्याहत्तर साल. मी तेवीस वर्षांचा, दुकान नव्हतं अजून, दुकानाच्या नुसत्या चार भिंती उभ्या. मी आणि माझा मेहुणा क्लॅरेन्स — आम्ही दोघं डांबराची कामं घ्यायचो. रोलर भाड्यानं, फावडी आपली. टेस्केकडे तेव्हा स्वयंपाकघराच्या बाजूला जुनी मैल्याची टाकी होती, लोखंडी, उभ्या पिंपासारखी गोल, सहा फूट रुंद आणि तेवढीच खोल. ती गेली होती कामातून. नवी टाकी गोठ्यामागं बसवली, आणि ऑर्विलला गॅरेज हवं होतं त्या बाजूला, म्हणजे रस्ता बरोबर जुन्या टाकीवरून जाणार. आता अशी टाकी सोडताना काय करायचं असतं? उपसायची, बूड फोडायचं, आणि गळ्यापर्यंत वाळू भरून ठोकायची. एक डंपर वाळू. बस्स. लहान पोरालाही कळेल असं काम. उपसली आम्ही. बूडही फोडलं, क्लॅरेन्स स्वतः आत उतरला होता तोंडाला फडकं बांधून, तिथून शिव्या घालत होता मला, "नॉर्ब्या, तू लठ्ठ आहेस म्हणून वाचलास, नाहीतर तुलाच घातला असता इथं." आणि वाळूचा डंपर आला शुक्रवारी सकाळी.

पण त्याच शनिवारी माझ्या दुकानाची फरशी ओतायची होती. काँक्रीटची गाडी सांगून ठेवलेली. आणि फरशीखाली घालायची वाळू आलेली नव्हती, खाणीवर विचारलं तर म्हणे आता सोमवारी. दोन ठिकाणी वाळू पाहिजे आणि डंपर एक. क्लॅरेन्स म्हणाला, तुझी फरशी ओत, टेस्केची टाकी कुठं पळून जातेय, सोमवारी भरू. असं झालं बघा. कुणी बसून पाप ठरवलं नाही. सोमवारी भरू, एवढंच. पायाखाली बघताय तुम्ही — हो, तीच. तुम्ही उभे आहात तीच वाळू. तीस वर्षांत या फरशीला केसाएवढी चीर गेलेली नाही, अभिमानानं दाखवायचो मी लोकांना.

सोमवारी काय झालं? सोमवारी वाळूच्या आधी डांबर आलं. गरम डांबर, हो, तीनशे अंशांवर, ते थांबत नसतं. ते परत पाठवायचं तर आमचं सगळं त्या वर्षीचं... तर क्लॅरेन्सनं जुन्या रेल्वेच्या साइडिंगवरून आणलेले रुळांखालचे स्लीपर होते ना, ओकच्या लाकडाचे, तेल प्यायलेले, ते टाकले टाकीच्या तोंडावर, आडवे, एकाला एक लागून. वर फूटभर खडी. वर तीन इंच डांबर. आणि रोलर त्यावरून नेला. मी बाजूला उभा, डोळे मिटून, खोटं नाही सांगत. क्लॅरेन्स रोलरवरून ओरडला, "बघ, हललंसुद्धा नाही! आपण मेल्यावर बघतील ज्याचे ते." त्याचं बरोबर निघालं. त्याच्यापुरतं. शहाण्णवला गेला तो. हृदय.

ऑर्विल संध्याकाळी फॅक्टरीतून आला, त्यानं विचारलं, टाकी भरली ना रे नीट? मी म्हणालो, गळ्यापर्यंत.

बारा वर्षं काही नाही. मग एका ऑक्टोबरात आला इथं, याच काउंटरला टेकून उभा राहिला. "नॉर्ब, हे गोल का फाटतंय रे?" मी म्हणालो, मूळ असेल. तो म्हणाला, "कसलं मूळ? तिथं झाड कधी नव्हतंच." मी म्हणालो, मग जुनं मूळ असेल. आणि डबे दिले त्याला. आठ. म्हणालो, घट्ट दोन हात मार, दिसणारसुद्धा नाही. दिसलं नाही. पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा. पुन्हा आठ डबे. तिसऱ्या वर्षी त्यानं विचारणं बंद केलं. नुसता यायचा, बोटं वर करायचा आठ, मी आणून ठेवायचो, हवा, हरणांची शिकार, शुक्रवारचे मासे यंदा महाग झालेत, असं बोलायचो. माझ्या डोळ्यांकडे बघायचा नाही. मीही नाही. आमच्या भागात असंच असतं, दोन माणसं वीस वर्षं एका गोष्टीबद्दल बोलत नाहीत आणि त्याला चांगला शेजार म्हणतात.

त्याला कळलं होतं का? सांगतो. शेवटची दहा वर्षं ऑर्विल गाडी गवतात लावायचा. हो. गॅरेज रिकामं, ड्राइव्हवे रिकामा, आणि याचा पिकअप बाजूला गवतात, चाकांनी दोन चर पाडलेले. लोक म्हणायचे म्हातारा आपला काळा रस्ता जपतो, चाकांचे डाग पडू देत नाही, वेडा आहे. काउंटीतला सर्वांत काळा ड्राइव्हवे टेस्केचा. मलाही बघायला सांगायचे, नॉर्ब, तुझ्या मालाची जाहिरात आहे बघ ती. मी गाडीतून जाताना मान वळवायचो नाही.

आणि मग या मे महिन्यात — हे तुम्ही ऐकाच आता, इतकं ऐकलंत तर — ऑर्विल गेला जानेवारीत, झोपेत गेला, आणि मिलवॉकीहून त्याची मुलगी आली, मार्लिस. घर विकायचंय, नॉर्बकाका, ड्राइव्हवे जरा नीट दिसेल असं करून द्याल का? लहानपणी याच दुकानात गोळ्या खायची ती. मी तिला सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी, देवाशप्पथ. पण तिनं काका म्हणलं ना. मी गेलो आणि भेग भरली. वाकलो होतो, तर माझी चावी पडली खिशातून, आणि मी तो आवाज ऐकला. खालून. जसा रिकाम्या डब्यावर येतो. मग मी घट्ट दोन हात मारले. तुम्ही घर बघायला आलात तेव्हा छान वाटला असेल ना? काळाभोर. नवा वाटला असेल.

नाही, ओरडा. तुमचा हक्क आहे. पण थोडं हळू, बाहेर लोक आहेत. ऐका माझं, मी काय म्हणतो ते ऐका — वकील, पंचायत, पेपर हे सगळं करायचं तर करा, पण आधी मला भरू द्या ती. मी वाळू आणतो, एक नाही, दोन डंपर, माझ्या खर्चानं, डांबर फोडतो, स्लीपर काढतो, भरतो, ठोकतो, वर नवं डांबर. उद्याच. मी आजपर्यंत या गावात कुणाला... माझं नाव आहे इथं. दारावर आहे. तुम्हाला कळतंय ना? तोवर फक्त तिथं गाडी नेऊ नका. चालायला हरकत नाही — नको, चालूही नका, मुलीला सांगा चेंडू मागच्या अंगणात. ते ओक तीस वर्षं ओलं राहिलंय, आतून भुसा झालं असेल. माणूस पेलेल कदाचित. तुमची छोटी गाडी पेललीय आतापर्यंत, नशीब म्हणा. फक्त काही जड येऊ देऊ नका त्यावर, एवढंच —

काय झालं? चेहरा असा का केलात?

लाकडं? कसली लाकडं? शेगडीसाठी. ओक? किती? तीन कॉर्ड, तीन मोठे ढीग... अहो, तीन कॉर्ड ओली ओक म्हणजे सहा-सात टन होतात, वर ट्रक वेगळा. कधी येतोय? आज! आज किती वाजता? चारला. मग ठीक आहे, आता सव्वातीन, वेळ आहे. कोण आणतंय? हॉयरमन? तो चार म्हणतो आणि तीनला येतो, तीस वर्षं ओळखतो मी त्याला, पुढची खेप पकडायची असते त्याला. घरी कोण आहे? बायको? तिला सांगितलंय तुम्ही? काय सांगितलंय — मागं उभं राहून त्याला हात दाखव, गॅरेजपर्यंत मागं घेऊ दे.

डबे सोडा. सोडा ते डबे, निघा! नंबर सांगा फक्त, मी लावतो इथून. सांगा. पाच... नऊ... हं. निघा तुम्ही, दहा मिनिटांचा रस्ता आहे, पुलावरून जा, गावातून नको. वाजतोय. वाजतोय अजून. बाहेर असेल. उचल गं बाई, उचल — हॅलो! हॅलो, मी हार्डवेअरवाला वान्टा, तुमचे यजमान इथं होते — ट्रक आला का? लाकडांचा? आत वळतोय? ऐका, त्याला थांबवा, रस्त्यावरच थांबवा, खिडकीतून ओरडा — नाही, तुम्ही नका जाऊ, खिडकीतून, बाई, तुम्ही त्यावर पाय — हॅलो? फोन खाली ठेवलाय तिनं. तिकडचं दार वाजलं, बाहेर गेली ती.

हॅलो?

तुम्ही अजून इथं काय करताय? जा ना!